जखमेचं वय

रेणुका मगदूमचं अपील दुसऱ्यांदा परत आलं. फेटाळलं नव्हतं, मंजूरही झालं नव्हतं. "फेरतपासणीसाठी परत," एवढंच सैनिकांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठानं म्हटलं होतं. फोनवर वकील नूतन बिडकर वैतागून सांगत होत्या, "अहो, सरळ फेटाळलं असतं तर वरच्या कोर्टात जाता आलं असतं. परत पाठवलं की ना पुढं जाता येतं, ना मागं."

रेणुका अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. डाव्या हातानं. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायची तिला आता सवय झाली होती; मोकळा सोडला की तो वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरायचा.

"आता काय तपासायचं राहिलंय?" तिनं विचारलं.

"नवीन यंत्र आलंय. मेंदूतल्या जखमेचं वय सांगतं म्हणे. फौजेतली माणसं त्याला 'घड्याळ' म्हणतात. पुण्याला बोलावलंय तुम्हाला."

रेणुका फौजेच्या पोलीस दलात हवालदार होती. शिपाई म्हणून बायकांना घ्यायला लागले त्यानंतरच्या पहिल्या काही तुकड्यांतली. गाडी चालवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पूर्व सीमेवरच्या डोंगरी रस्त्यांवर बर्फात, चिखलात तिनं ताफे पुढं नेले होते. मग एका दुपारी अख्खा डोंगर खाली आला. तिची गाडी दरडीखाली गाडली गेली. शेजारी लान्सनायक बबिता होती, हरियाणाची, लग्न ठरलेली. बराच वेळ दोघी अंधारात बोलत राहिल्या. मग एकटी रेणुकाच बोलत राहिली. माती उपसून तिला बाहेर काढलं, तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

हाडं जुळली. पण दार लावलेल्या खोलीत तिचा श्वास अडकू लागला. शेजारी कुणी खडीची ट्रॉली रिकामी केली की ती आहे तिथं जमिनीवर झोपायची, डोकं हातांत धरून. आणि तो उजवा हात. ज्या हातानं तिनं बबिताचा हात धरला होता, तोच. फौजेनं तिला अपंग ठरवून घरी पाठवलं. ते कुणीच नाकारत नव्हतं. प्रश्न एकच होता: हे अपंगत्व नोकरीमुळं आलं की नाही? वैद्यकीय मंडळानं पहिल्यांदा लिहिलं, 'मूळ प्रकृतीतला दोष'. तिनं अपील केलं. पीठानं कारणं मागितली, तेव्हा मंडळानं तेच जरा लांबवून लिहिलं.

पेन्शनपेक्षाही तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. सैनिकी रुग्णालयात हाताच्या कंपावर नवे उपचार सुरू झाले होते. वर्षभर घेतले तर स्टिअरिंग धरता येईल, असं तिथल्या डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं होतं. पण ते फक्त 'सेवेतून आलेलं अपंगत्व' असणाऱ्यांसाठी होते. ते तीन शब्द मिळाले तरच रुग्णालयाचं दार उघडणार होतं.

*

पुण्यात वैद्यकीय मंडळाचे प्रमुख होते कर्नल डॉक्टर पराग टिळेकर. पन्नाशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस. आपल्या यंत्रावर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव होता.

"घाबरू नका, हवालदार मगदूम," ते म्हणाले. "हे तुमच्या बाजूचं यंत्र आहे. आजवर सैनिकानं दुखतंय म्हटलं की लोक म्हणायचे, नाटक करतोय. आता तसं कुणाला म्हणता येणार नाही."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. मोठी भीती बसली की मेंदूतल्या काही पेशी एकमेकींना घट्ट धरतात आणि त्या पकडीभोवती प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. शरीरातलं बाकी सगळं झिजतं, नवं होतं. कातडी, रक्त, हाडंसुद्धा. ही जाळी मात्र एकदा विणली की तशीच राहते, दाताच्या गाभ्यासारखी. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, आणि त्या आम्लांच्या दोन घडणी असू शकतात, डावा हात आणि उजवा हात असतो तशा. जिवंत शरीर फक्त डाव्या घडणीची आम्लं वापरतं. पण वर्षानुवर्षं एका जागी पडून राहिली की त्यातली काही आपोआप उलटून उजवी होतात, आणि तीही ठरावीक वेगानं.

"म्हणजे उजवी जितकी जास्त, तितकी जाळी जुनी," कर्नल म्हणाले. "बेवारस मृतदेहाचं वय दातावरून काढायला ही रीत फार पूर्वीपासून वापरतात. आम्ही ती जिवंत मेंदूवर आणली. एक औषध टोचायचं, ते फक्त उजव्या घडणीला चिकटतं आणि यंत्रात चमकतं. चकाकी मोजली की जखम कधीची ते कळतं."

"म्हणजे दरड कोसळली त्या वर्षाची निघेल."

"तसंच निघायला हवं."

यंत्र म्हणजे एक लांब, अरुंद नळी होती. ते पाहूनच रेणुकाच्या अंगाला घाम सुटला. गुंगीचं औषध दिलं असतं, तर मोजमाप बिघडलं असतं. पहिल्यांदा ती आत गेली आणि ओरडत बाहेर आली. दुसऱ्यांदाही तेच. नर्सनं पाणी दिलं, म्हणाली, "आज राहू दे, मॅडम." रेणुकानं तोंड पुसलं, सँडल काढून पुन्हा फळीवर आडवी झाली आणि म्हणाली, "ढकला." आत असेपर्यंत ती मोठमोठ्यानं गाडीचे गिअर म्हणत होती. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा, घाट आला, पहिला. बाहेर आली तेव्हा ओठ दाताखाली येऊन फुटला होता.

कर्नल मनापासून म्हणाले, "शाबास."

"साहेब, तुम्ही कधी झोपलात यात?"

"मी?" ते हसले. "मला कुठं काय झालंय?"

"मलाही डोंगर पडेपर्यंत काही झालं नव्हतं," रेणुका म्हणाली.

*

निकाल सांगायला कर्नलनी तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"जाळी सापडली. मोठी आहे. पण ती दरडीच्या वेळची नाही. तुम्ही सात-आठ वर्षांच्या होता तेव्हाची आहे."

"यंत्र चुकतंय."

"तीनदा मोजलं. लहानपणी काही घडलं होतं का? कोंडलं होतं कुणी? काही पडलं होतं अंगावर?"

रेणुकानं आठवून पाहिलं. पहिलीची शाळा आठवत होती. चौथीची आठवत होती. मध्ये एक लांब तापाचं दुखणं होतं, एवढंच घरचे सांगायचे. मग तिला दुसरंच काही आठवलं. बराकीत तिनं नेहमी दाराजवळचीच खाट मागून घेतली होती, अगदी पहिल्या दिवसापासून. का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

मिरजेच्या घरी तिची काकी होती, इंदुबाई. रेणुकाचे आईवडील करोनाच्या साथीत आठवड्याच्या अंतरानं गेले, तेव्हापासून काकीनंच तिला सांभाळलं होतं. भरतीच्या सरावाला पहाटे सायकलवरून सोबत जायची ती काकीच. काकीची स्वतःची एक मुलगी होती, सारिका, रेणुकाहून सात वर्षांनी मोठी. ती नववीत असताना काविळीनं गेली, असं रेणुकाला माहीत होतं.

काकी भाजी निवडत बसली होती. रेणुका तिच्यासमोर बसली.

"काकी, मी सात वर्षांची असताना काय झालं होतं?"

काकीचे हात थांबले. मग उठली, पदरानं हात पुसले, पायांत चपला सरकवल्या.

"चल," ती म्हणाली. "हितं बसून सांगायची गोष्ट न्हवं ती."

रिक्षानं त्या कृष्णाकाठच्या त्यांच्या जुन्या गावी गेल्या. रेणुका तिथं जन्मली होती, पण पुन्हा कधी गेली नव्हती. घर विकून सगळे मिरजेला आले होते. नदीच्या वरच्या अंगाला, वस्तीच्या मागं, वेड्या बाभळी माजल्या होत्या. काकी त्यांच्या कडेला उभी राहिली.

"हितं पेवं हुती. हळदीची. जमिनीत खोल खोल खड्डे, तोंड एवढंसं आन् पोट रांजणासारखं. व्यापारी हळद भरायचे आन् तोंड लिंपून टाकायचे. वर्षानुवर्ष हळदीला कीड लागायची न्हाई, कारण आत हवाच नसायची. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा खाली. कंदील विझला तर माणूस उतरायचा न्हाई."

"मग?"

"मोठ्या पुरात सगळी पेवं पाण्यात गेली. व्यापाऱ्यांनी गोदामं बांधली. हितली तोंडं तशीच ऱ्हायली, फळ्या टाकल्याली. तू शेळीच्या करडामागं पळत आलीस. फळी कुजल्याली हुती."

रेणुकानं उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरला.

"सारिकानं बघितलं. माणसं वरडत हुती, थांब, कंदील आणूद्या, वारा जाऊद्या आत. ती थांबली न्हाई. कमरंला दोर बांधून उतरली. खाली गेल्यावर तो दोर सोडला आन् तुला बांधला. तुला वर वढली. तोंड निळं पडलं हुतं तुझं. मग दोर परत खाली सोडला." काकी बाभळींकडं बघत होती. "त्यो धरायला खाली कुणी उरलं न्हवतं."

पलीकडच्या शेतात कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली.

"तू लई दिवस तापानं फणफणलीस. उठलीस तर काही आठवंना. डॉक्टर म्हणाला, आठवण काढू नका, पोर हातची जाईल. म्हणून कावीळ झाली म्हणून सांगितलं."

"आणि तू? तू मला इतकी वर्षं रोज जेवायला वाढत होतीस. मला बघून तुला काय वाटायचं?"

"खोटं कशाला बोलू? सुरवातीला नको वाटायचीस. तुझा आवाज आला की मी उठून परसात जायचो. तुझी आई हे वळखून हुती, ती तुला माझ्याकडं पाठवायची न्हाई." काकीनं नाक ओढलं. "मग तुझी आईबी गेली. तू दारात येऊन हुबी ऱ्हायलीस पिशवी घिऊन. आता काय करणार? आत ये म्हणालो."

रेणुका ओरडली. "मला सांगायचं होतंस! तिच्यासाठी मला रडता तरी आलं असतं! फोटोला हार घालायची मी दिवाळीत, आणि मला माहीतच नव्हतं कुणाला घालतेय!"

परतताना दोघी रिक्षात दोन कडांना बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. रेणुका ताट वाढून घ्यायची आणि व्हरांड्यात जाऊन जेवायची. सारिकाताईच्या फोटोसमोर मात्र ती रोज थोडा वेळ उभी राहायची. नववीतली, दोन वेण्यांची मुलगी. आता रेणुका तिच्याहून कितीतरी मोठी झाली होती.

*

मंडळाचा अहवाल अपेक्षेप्रमाणंच आला: विकार सेवेत येण्यापूर्वीचा. सुनावणीची तारीख लागली. नूतन बिडकरांच्या ऑफिसात रेणुका गेली, आणि पाठोपाठ, न विचारता, काकीही.

नूतनताईंनी पेवाची हकीकत ऐकून घेतली. काकीला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग दार लोटायला उठल्या, रेणुकाकडं बघून ते उघडंच ठेवलं.

"हे बघा, मी स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट फौजेला माहीत नाही. कुठं नोंद नाही, गावातला तेव्हाचा दवाखाना कधीच बंद झाला. आपण सांगू की हिच्या लहानपणी काहीच घडलं नाही. मग यंत्र चुकतं असं सिद्ध करणं सोपं आहे, नवीनच आहे ते. पण तुम्ही पेव सांगितलंत, तर आपण आपल्या हातानं त्यांची केस उभी करतोय."

"चालंल की," काकी म्हणाली. "मी न्हाई बोलत कुणाला. इतकी वर्षं बोललो न्हाई, आजून थोडं."

रेणुकानं तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. काकीचे डोळे कोरडे होते, आणि चेहऱ्यावर ती सरावानं आलेली शांतता होती, जिच्यामागं हे सगळं तिनं लपवलं होतं. पुन्हा एकदा तेच करायला ती तयार होती, रेणुकासाठीच.

"नाही," रेणुका म्हणाली.

"नीट विचार करा," नूतनताई म्हणाल्या. "हाताचे उपचार आहेत. पुढचं सगळं आयुष्य आहे."

"सारिकाताईला मी एकदा विसरले. तेव्हा लहान होते, ते माझ्या हातात नव्हतं. आता शपथ घेऊन विसरू? भर कोर्टात सांगू की ती त्या खड्ड्यात उतरलीच नाही?" रेणुकाचा आवाज चढला. "त्यांना जे म्हणायचं ते म्हणू दे. घड्याळ बरोबर आहे. मी बरोबरच म्हणणार."

"मग भांडायचं कशावर?"

"माझ्यावर," रेणुका म्हणाली. "नोकरी मी कशी केली, त्यावर भांडू."

त्या संध्याकाळी तिनं आपलं ताट उचलून आत नेलं आणि काकीच्या शेजारी बसून जेवली. काकीनं तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

*

पीठाचं दालन पुण्यात तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकांवर माजी सैनिकांची रांग. बऱ्याच जणांना घड्याळानं मागं पाठवलं होतं, हे एकमेकांशी चाललेल्या बोलण्यातून कळत होतं. कुणाची जखम शाळेतल्या मारापर्यंत गेली होती, कुणाची बापाच्या दारूपर्यंत.

आत तीन सदस्य होते. मधोमध अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती सुमती सबनीस, पिकल्या केसांच्या. सरकारी वकील खर्शीकर चांगले तयारीचे होते. त्यांनी यंत्राची चकाकी पडद्यावर दाखवली, वय सांगितलं, आणि म्हणाले, "अर्जदाराला लहानपणी काही झालं होतं का, एवढंच त्यांनी सांगावं."

नूतनताईंनी एकदा रेणुकाकडं पाहिलं. रेणुका उभी राहिली.

"झालं होतं," ती म्हणाली. "मी हळदीच्या पेवात पडले होते. माझी चुलत बहीण सारिका मगदूम मला काढायला उतरली आणि तिथंच मेली. मला ते आठवत नव्हतं. तुमच्या यंत्रानं ते शोधून काढलं. यंत्र खरं बोलतंय."

खर्शीकरांना इतकं सोपं उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे विकार सेवेपूर्वीचा आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"जखम सेवेपूर्वीची आहे. विकार नाही. तुम्हीच मला पळवलंत, उंची मोजलीत, डोळे तपासलेत, मनाची परीक्षा घेतलीत आणि शिक्का मारलात: तंदुरुस्त. ती जखम घेऊनच मी तुमच्या गाड्या हाकल्या. एकदाही हात कापला नाही. कापायला लागला तो बबिता गेल्यावर."

मागं बसलेली काकी केव्हा उठली कुणाला कळलं नाही. शिपाई तिला बसवायला पुढं झाला, पण ती त्याच्या बाजूनं सरळ पुढं आली.

"बाईसाहेब, मी मेलेल्या पोरीची आई. माझी पोर त्या खड्ड्यात ऱ्हायली म्हणून ही बाहेर आली. बाहेर आली म्हणून तुमच्या कामाला आली. मोठी झाली, तुमची वर्दी घातली, तुमच्यासाठी मातीत गाडून घेतलं. आन् आता म्हणता, माल आधीच डागी हुता?" तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "इतकी वर्षं वापरलासा की! तवा न्हाई डाग दिसला?"

अध्यक्षांनी हात वर करून शिपायाला थांबवलं. "त्यांना पुढं खुर्ची द्या," त्या म्हणाल्या.

मग कर्नल टिळेकरांची साक्ष झाली. खर्शीकरांनी त्यांना यंत्राच्या अचूकतेबद्दल विचारलं. ते म्हणाले, अचूक आहे. नूतनताई उलटतपासणीला उठल्या, तर कर्नलनीच आधी बोलायला परवानगी मागितली.

"हवालदार मगदूमनी मला एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "मी स्वतः यंत्रात झोपलोय का? मी हसण्यावारी नेलं. त्या गेल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. मी झोपलो. माझ्या मेंदूतही जाळी आहे. अकराव्या वर्षाची. आमच्या विहिरीत माझे वडील बुडून गेले होते, ते मी पाहिलं होतं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "नंतर मी विभागातल्या तयार होतील त्या सगळ्यांना तपासलं. डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर. बहुतेकांना जुन्या जाळ्या निघाल्या. सगळी कामावर येणारी, निरोगी माणसं आहेत ती."

"याचा अर्थ काय, कर्नल?" अध्यक्षांनी विचारलं.

"जाळी म्हणजे आजार नाही, बाईसाहेब. आणि आणखी एक. नवी भीती जुन्या भीतीसारखीच असेल, तर मेंदू नवी जाळी विणत नाही. जुनीच आवळून घेतो. आमचं यंत्र जाळी कधी विणली ते सांगतं. ती कुणी आवळली, ते सांगू शकत नाही. हे मला अहवालातच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही."

सदस्यांनी डोकी एकत्र आणली. थोडं कुजबुजणं झालं. मग डावीकडचे सदस्य म्हणाले, "मंडळाच्या प्रमुखांनीच अशी भर घातली आहे, तेव्हा उचित मार्ग असा की हे प्रकरण नव्या प्रकाशात फेरतपासणीसाठी..."

"नाही," रेणुका म्हणाली.

सदस्य थांबले. "हवालदार, पीठाला बोलू द्या. ही तुमच्याच हिताची—"

"मी जाणार नाही." ती आपल्या जागेवरून पुढं आली. उजवा हात तिनं दाबून धरला नाही. तो सगळ्यांसमोर थरथरत राहिला. "दोनदा गेले. दुसऱ्यांदा नळीत घातलंत, तिथंही गेले. माझ्या घरात काय पुरलंय ते उकरून तुमच्यासमोर ठेवलं. आता आणखी काय तपासणार? हा हात? हा बघा. बबिता? ती नाही आता. तुम्हाला नाही म्हणायचंय तर नाही म्हणा. साफ लिहा. मी वर जाईन, भांडेन. हो म्हणायचंय तर हो म्हणा. पण ठरवायचं काम तुमचं आहे, आणि ते टाळण्यासाठी तुम्ही मला परत पाठवताय. मी येत राहते म्हणून पाठवता. आता येणार नाही. फेरतपासणी काढलीत तर ती माझ्याशिवाय करा."

"हा पीठाचा अवमान होऊ शकतो," खर्शीकर हळूच म्हणाले.

"होऊ दे," रेणुका म्हणाली.

अध्यक्ष सबनीस तिच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी शेजारच्या दोघांशी पुन्हा बोलणं सुरू केलं. या वेळी ते लांबलं. डावीकडच्या सदस्यांनी दोनदा नकारार्थी मान हलवली, उजवीकडच्यांनी एकदा होकारार्थी. शेवटी अध्यक्षांनी लघुलेखकाला खूण केली आणि त्या सावकाश बोलू लागल्या. भरतीच्या वेळी सैनिकाला तंदुरुस्त ठरवलं असेल, तर नंतरचा विकार सेवेतून आला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी फौजेची आहे. जखमेचं वय हा त्याचा पुरावा होत नाही. सबब अर्जदाराचं अपंगत्व सेवेतून आलेलं मानावं. एका सदस्याची असहमती नोंदवावी. प्रकरण परत पाठवण्याची गरज नाही.

रेणुकाला ते शब्द लगेच कळले नाहीत. नूतनताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळले. तिनं वळून काकीला हाताला धरून उठवलं, आणि दोघी बाहेर आल्या.

बाकावर एक म्हातारा होता, कोकणातला, नाईक गोविंद घाग. तोफांच्या दणक्यानं कान गेलेला, आणि त्यापाठोपाठ झोपही. आतलं ओरडणं दाराबाहेरही ऐकू आलं होतं, पण त्याला नाही. त्यानं शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि रेणुकाकडं येऊन मोठ्यानं म्हणाला, "बाय, तू आत काय सांगितलंस म्हणं?"

"परत जाणार नाही म्हणाले, बाबा."

"आँ?"

काकी त्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "परत जाणार न्हाई म्हणाली! हो म्हणा न्हाई तर न्हाई म्हणा, पण परत न्हाई!"

रांगेतले लोक एकमेकांकडं बघू लागले. कुणी हसलं, कुणी नुसतं सरळ बसलं. एवढ्यात शिपायानं घागांच्या नावाचा पुकारा केला. शेजाऱ्यानं खूण करताच म्हाताऱ्यानं टोपी नीट केली, काठी सरळ धरली आणि आत गेला. जरा वेळानं बंद दारामागून त्याचा आवाज आला. बहिरा माणूस बोलतो तसा, मजला दणाणून सोडणारा.

"जखम जुनीच आहे, सायेब! पण मी आता परत जानार नाय!"

नूतनताईंनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. मिरजेची गाडी सुटायची वेळ होत आली होती.

"जाऊ दे ती," रेणुका म्हणाली. "बाबा बाहेर येऊ देत आधी." आणि ती काकीशेजारी बाकावर बसली.